जैसलमेर एका दिवसात, गटाने: मंदिरं सकाळी, वाळू संध्याकाळी

जैसलमेरला गटाने जाणारी बरीच मंडळी सकाळ आरामात घालवतात, किल्ल्याच्या बाजारात दुपार करतात आणि मग सम या गावाजवळच्या वाळूत सूर्यास्त गाठण्यासाठी धावपळ करतात. तोवर किल्ल्यातली जैन मंदिरं पर्यटकांसाठी बंद झालेली असतात, लोद्रवा राहून जातं, आणि थरचं वाळवंट पाहिलं म्हणजे उंटावरची एक फेरी एवढंच हाती लागतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोच दिवस नीट आखला तर पहाटेचा गडीसर तलाव, सोनार किल्ल्यातली जैन मंदिरं, अमरसागर, भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा, पालीवालांचं ओसाड गाव कुलधरा आणि शेवटी वाळूचे धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, असं सगळं आरामात होतं. साठीच्या पुढच्या काका-काकूंनाही झेपतं.

इथलं वेळापत्रक अंतरांवरून ठरवायचं नाही. ठिकाणं सगळी ४०-४२ किलोमीटरच्या आत आहेत. वेळापत्रक ठरतं ते ऊन आणि मंदिरांची दारं यांवरून. दुसरं असं की जिथे जाल तिथे आधी एक प्रश्न विचारा: इथे पाणी कुठून येत होतं? वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात राजधानी कुठे वसली, मंदिर कुठे उभं राहिलं, गाव का उठलं, याचं निम्मं उत्तर पाण्यापाशी मिळतं. गटात हा प्रश्न सकाळीच सोडून दिला की दिवसभर पोरंसुद्धा विहिरी आणि बांध शोधत फिरतात.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चचा पहिला पंधरवडा चालून जातो, पण दुपार तापायला लागलेली असते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत गट नेऊच नये. जानेवारीत दिवसा २३-२४ अंश आणि पहाटे ७-८ अंश असा फरक असतो. म्हणून जाड स्वेटर एक आणण्यापेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे. सकाळी नऊनंतर एकेक उतरवत जायचं, संध्याकाळी धोऱ्यावर पुन्हा चढवायचे.

दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष हे दिवस शक्यतो टाळा. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव भरतो. तोच पाहायचा असेल तर जरूर या, पण शांत मंदिरं पाहण्याचे ते दिवस नव्हेत.

गटप्रमुखांच्या हमखास नजरेतून सुटणारी गोष्ट म्हणजे सूर्य. जैसलमेर पुण्याच्या जवळजवळ तीन अंश पश्चिमेला आहे, शिवाय बरंच उत्तरेला. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. जानेवारीच्या मध्याला उगवायला साडेसात होतात. म्हणजे ‘पहाटे पाचला निघू’ म्हणून सगळ्यांना उठवण्यात अर्थ नाही, आणि ‘सूर्यास्त साडेसहाला असेल’ या भरवशावर राहिलात तर समला अंधारात पोहोचाल. तुमच्या तारखेचा सूर्योदय-सूर्यास्त मोबाइलवर बघा आणि तिथून मागे-पुढे मोजत दिवस बसवा.

गट आणि गाडी

बारा ते चौदा जण हा आकडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सगळे मावतात, मंदिराच्या सभामंडपात दाटी होत नाही, आणि कोण मागे राहिलं ते एका नजरेत कळतं. वीसच्या पुढे गेलात तर दोन गाड्या लागतात आणि दिवसाचा निम्मा वेळ ‘ते आले का?’ यात जातो.

गाडी ठरवताना चार गोष्टी कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: दिवसाचे तास, ठिकाणांची नावं, पार्किंग आणि ड्रायव्हरचं जेवण भाड्यात धरलंय का, आणि समहून परतायची वेळ. ‘लोकल साइटसीइंग’ एवढंच बोलून ठरवलं की त्यात लोद्रवा नसतं, आणि मग ऐन वेळी वाद होतो. ड्रायव्हर जैसलमेरचाच असलेला बरा. बाहेरगावहून आलेल्या ड्रायव्हरला हमरस्ता माहीत असतो, पण कुठला रस्ता वाळूने भरलाय ते माहीत नसतं.

गटातली कामं आधीच वाटून टाका. एकाकडे सामाईक पैसे. त्यातच सुट्या नोटा, कारण कॅमेऱ्याचं तिकीट, चपला सांभाळणारे, उंटवाले यांच्याकडे यूपीआय चालेलच असं नाही, आणि समच्या बाजूला रेंज कधी असते कधी नसते. दुसऱ्याकडे प्रत्येक थांब्यानंतर माणसं मोजायचं काम. तिसऱ्याकडे औषधांची पिशवी: ओआरएसची पाकिटं, पोटाची आणि तापाची गोळी, बँडेज, डोळ्यांत टाकायचे थेंब आणि एक चिमटा. चिमटा विसरू नका. तिथल्या भुरट गवताची बारीक काटेरी बोंडं पायमोजे, साडीचा काठ, शाल यांना चिकटतात आणि नुसत्या बोटांनी काढायला गेलं की बोटातच रुततात.

दम्याचा त्रास असलेल्यांनी आपला पंप स्वतःच्या खिशात ठेवावा, गाडीतल्या बॅगेत नको. गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठी घ्या. किल्ल्याचा चढ फरसबंदीचा आहे आणि शेकडो वर्षांच्या वापराने दगड गुळगुळीत झालेत. चढताना नाही, उतरताना पाय घसरतो.

आदल्या संध्याकाळी

मुक्काम शहरात असेल तर संध्याकाळी एक जण किल्ल्यात जाऊन दोन गोष्टी विचारून येऊ दे: जैन मंदिरं उद्या पर्यटकांसाठी किती वाजेपर्यंत खुली आहेत, आणि तिथलं ज्ञानभांडार, म्हणजे जुन्या हस्तलिखितांचा संग्रह, पाहता येईल का. बाहेरच्यांसाठी प्रवेश साधारण सकाळच्या सत्रातच असतो, पण पर्वाच्या आणि पूजेच्या दिवशी वेळा बदलतात. इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबू नका.

मग रात्रीच्या जेवणावर सगळ्यांना मंदिराचे नियम सांगून टाका. जैन मंदिरात चामड्याची कुठलीही वस्तू चालत नाही. चप्पल-बुटांचं सगळ्यांना ठाऊक असतं. पट्टा, पाकीट, घड्याळाचा पट्टा, पर्स, कॅमेऱ्याची पिशवी यांचं दारात आठवतं. गटासाठी एक मोठी कापडी पिशवी ठेवा, चामड्याचं सगळं त्यात घालून गाडीतच सोडा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. आत खाणं-पिणं नाही. मूळ मूर्तींचे फोटो नाहीत, कोरीव कामाला हात लावायचा नाही. काही मंदिरांच्या दारात पाळीच्या दिवसांत प्रवेश नसल्याच्या पाट्या आहेत. पटो न पटो, गटातल्या बायकांना ही माहिती आदल्या दिवशी खासगीत मिळालेली असावी. दारात चारचौघांसमोर कुणावर अवघडण्याची पाळी येऊ नये, ही जबाबदारी नेणाऱ्याची.

आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं. हा सीमेचा जिल्हा आहे. रस्त्यात लष्कराच्या गाड्या, छावण्या दिसतील. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन आणायचा नाही. माणशी दोन लिटर पाणी रात्रीच भरून ठेवा. थंडीत घाम जाणवत नाही, तहानही लागत नाही, आणि कोरड्या हवेत अंगातलं पाणी मात्र जातच असतं. दुपारी तीनला ज्यांचं डोकं दुखायला लागतं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी सकाळपासून पेलाभरसुद्धा पाणी प्यायलेलं नसतं.

सूर्योदय: गडीसर

चहा पिऊन सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी गडीसरवर पोहोचा. तलाव शहराच्या अगदी लागून आहे. १४व्या शतकात महारावळ गडसी यांनी तो बांधला, आणि शहरात नळ येईपर्यंत जैसलमेर याच पाण्यावर जगलं. काठावर आणि पाण्यात पिवळ्या दगडाच्या छत्र्या, लहान देवळं, घाट. हिवाळ्यात पाणपक्षी असतात. उजाडताना मागे किल्ल्याचा रंग राखाडीतून मधासारखा होत जातो, तो इथूनच नीट दिसतो.

घाटावर जाताना ज्या दरवाजातून जावं लागतं तो टीलोंची पोळ. टीलों नावाच्या गणिकेने तो बांधायला घेतला, पण तिने बांधलेल्या दरवाजाखालून राजघराण्याने जायचं कसं, म्हणून विरोध झाला. तिने दरवाजावर कृष्णाचं मंदिर बसवून टाकलं, आणि देवाची वास्तू पाडायची कुणाची छाती झाली नाही, अशी गोष्ट सांगतात. वर मान करून ते मंदिर बघा.

तलावाकडे उतरत येणाऱ्या जमिनीला तिकडे ‘आगोर’ म्हणतात. पडलेला पाऊस याच जमिनीवरून वाहत तलावात येणार, म्हणून आगोर स्वच्छ ठेवायची रीत होती. तलाव नुसता खणून होत नाही, आजूबाजूची जमीनही सांभाळावी लागते, हे इथे उभं राहिलं की पटतं. आता कालव्याचं पाणी येतं, त्यामुळे वर्षभर पाणी दिसतं. पाऊण तास पुरे. नाश्ता शहरात करून नऊपर्यंत किल्ल्याच्या पायथ्याशी या.

किल्ला: आधी मंदिरं, मग बाकी सगळं

रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या यादीत गेला. आपल्या सह्याद्रीतले गड बघितलेल्यांना इथे वेगळं वाटतं ते म्हणजे आत माणसं राहतात. दाराशी स्कूटर, गच्चीवर वाळत घातलेले कपडे, शाळेला निघालेली पोरं. त्यांचं घर आहे ते. खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका.

अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडून दशहरा चौकात पोहोचलात की लगेच राजवाड्याकडे वळू नका. सरळ जैन मंदिरांकडे चला. राजवाडा दुपारीही बघता येतो, मंदिरं नाही.

एकमेकांना लागून असलेली ही सात मंदिरं मुख्यतः १५व्या-१६व्या शतकांत उभी राहिली. पार्श्वनाथ, संभवनाथ, शीतलनाथ, शांतिनाथ, कुंथुनाथ, चंद्रप्रभू, ऋषभदेव. व्यापारी काफिल्यांवर श्रीमंत झालेल्या जैन कुटुंबांनी ती बांधली. घाईच्या गटाची इथे एक चूक होते: सातही मंदिरं दहा-दहा मिनिटांत ‘करायची’. तसं करू नका. दोन मंदिरं निवडा, पार्श्वनाथ आणि चंद्रप्रभू, आणि तिथे मनसोक्त वेळ द्या. बाकीची जाता-जाता.

पार्श्वनाथ मंदिराच्या समोरच्या तोरणापाशी थांबा. हा दगड सकाळच्या तिरप्या उन्हात बघावा, म्हणून तर नऊची वेळ. नर्तिकांच्या कमरेचा बाक, हातातल्या बांगड्यांच्या कडा, वाद्य धरलेली बोटं. ऊन डोक्यावर आलं की सावल्या मिटतात आणि हेच काम सपाट दिसायला लागतं. आत सभामंडपात मान वर करून छत पाहा. वयस्कर मंडळींना खांबाशी टेकून बसू द्या, चक्कर येत नाही. गाइड घ्यायचा असेल तर मंदिरापुरता घ्या आणि त्याला आधीच सांगा की दुकानं नकोत.

संभवनाथ मंदिराच्या तळघरात आचार्य जिनभद्रसूरींनी १५व्या शतकात स्थापन केलेलं ज्ञानभांडार आहे. ताडपत्रांवरच्या हस्तलिखितांचा हा मोठा खजिना; काही पोथ्या अकराव्या-बाराव्या शतकांतल्या. मराठी माणसाने तर इथे आवर्जून क्षणभर थांबावं. ८व्या शतकात जालोरला उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या प्रदेशांच्या लोकांच्या बोलण्याचं वर्णन आहे, आणि त्यांत मरहट्टेही आहेत. आपल्या भाषेच्या सुरुवातीच्या पुराव्यांत तो उल्लेख नेहमी येतो. त्या ग्रंथाची ताडपत्रावरची प्रत जपली गेली ती जैसलमेरच्या भांडारात. कोरड्या हवेने आणि तळघराच्या अंधाराने ती वाचवली. पाहण्यासाठी काचेमागे थोड्याच गोष्टी ठेवलेल्या असतात, पण तेवढ्याही पुरतात.

बाहेर येऊन लक्ष्मीनाथाचं दर्शन घ्या. मंदिर साधं आहे, पण गावाची श्रद्धा इथे आहे.

आता पाण्याचा प्रश्न इथेही विचारा, उत्तर काळजी वाटायला लावणारं आहे. किल्ला बांधला तेव्हा पाणी डोक्यावरून घड्यांनी वर यायचं आणि जपून वापरलं जायचं. आता नळ, न्हाणीघरं, हॉटेलं आली. सांडपाणी टेकडीत मुरतं, खालची माती भुसभुशीत होते, आणि पावसाळ्यात बुरुजांचे, भिंतींचे भाग ढासळल्याच्या घटना घडल्या आहेत. यासाठीच मी गटांना मुक्काम किल्ल्याच्या आत नको, खाली शहरात करा असं सांगते. गच्चीवरून दिसणारा देखावा खाली राहूनही मिळतो.

उतरण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन घ्या, एखाद्या चांगल्या उपाहारगृहात चहा घेऊन. पुढचा बराच वेळ सोय मिळेलच असं नाही, आणि बायका मग पाणी पिणंच बंद करतात.

अमरसागर आणि लोद्रवा

साडेदहा-पावणेअकराला गाडी हलली पाहिजे. अमरसागर सहा-सात किलोमीटरवर आहे. १७व्या शतकातला तलाव, एरवी बहुतेक कोरडा. काठावर पटवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाफना व्यापारी घराण्यातल्या हिंमतराम यांनी १९व्या शतकात बांधलेलं आदीश्वराचं मंदिर. दगडाच्या जाळ्या छान आहेत. वीस मिनिटं द्या. तलावाच्या तळात खणलेल्या विहिरी मात्र बघा: वरचं पाणी आटलं तरी मुरलेलं पाणी या विहिरींतून मिळायचं.

तिथून पुढे लोद्रवा, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. जैसलमेर वसण्याआधी भाटींची राजधानी ही. काक नदीच्या काठी वसलेलं, काफिल्यांच्या वाटेवरचं संपन्न नगर. स्वाऱ्यांमध्ये ते उद्ध्वस्त झालं आणि जैसलने टेकडी गाठली. आज नगर उरलेलं नाही. उघड्या माळावर विटक्या रंगाचे दगड, बाभळीची झुडपं, नदीचं कोरडं पात्र, आणि मध्येच हे मंदिर.

आज दिसणारं पार्श्वनाथाचं मंदिर १७व्या शतकात थारू शाह यांनी जीर्णोद्धार करून उभं केलेलं. समोर एकटं उभं असलेलं तोरण. किल्ल्यातलं तोरण दोन तासांपूर्वीच पाहिलेलं असल्याने डोळा तयार झालेला असतो आणि गटातल्या कुणी ना कुणी फरक बोलून दाखवतंच. गाभाऱ्यात सहस्रफणा पार्श्वनाथांची श्यामवर्ण मूर्ती. भिंतींना दगडाच्या जाळ्या, त्यांतून येणारा उजेड फरशीवर ठिपक्यांनी पडतो. बाजूला पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यावर धातूचा कल्पवृक्ष आहे, पानं, फळं आणि पक्ष्यांसकट. किल्ल्यातल्या पार्श्वनाथांची मूर्ती मुळात लोद्रव्याहून नेली अशी परंपरा आहे. राजधानी हलली तेव्हा देवही हलला.

किल्ल्यातली गर्दी इथे नसते. म्हणून मी इथे गटाला एक काम देते: दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फोन काढायचा नाही. लहान मुलं सुरुवातीला खुदखुदतात, मग गप्प होतात. ज्यांना पूजा करायची आहे त्यांनी पुजाऱ्यांना विचारून करावी. गाभाऱ्यात जायला पूजेची वेगळी वस्त्रं लागतात.

मंदिराबाहेर पडल्यावर काकच्या पात्राकडे थोडं चाला. मूमल आणि महेंद्र यांची प्रेमकथा इथलीच. लोद्रव्याची मूमल, अमरकोटचा महेंद्र, रात्रीच्या रात्री उंटावरून येणारा. एका गैरसमजाने दोघांचा अंत झाला. मूमलच्या महालाचे म्हणून जे अवशेष दाखवतात ते फार नाहीत, पण गावोगावचे मांगणियार गायक तिचं गाणं अजून गातात. संध्याकाळी समला गायक भेटले तर फिल्मी गाणी नको, मूमल गा म्हणून सांगा. ऐकणाऱ्याला गोष्ट माहीत असली की त्या सुरांचं काहीतरी वेगळंच होतं.

दुपार

साडेबाराला निघून जेवायला शहरात परत या. केर-सांगरीची भाजी, गट्टे, कढी, बाजरीचा सोगरा मागवा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो, तिच्यावर इथली जनावरं आणि माणसं दुष्काळ काढतात. भाजीला तेल-तिखट जास्त असतं, आधी सांगितलं तर कमी करून देतात. शेवटी ताक. गोडात घोटुवां लाडू जैसलमेरचे म्हणून प्रसिद्ध आहेत; अर्धा पुरतो.

जेवल्यावर अर्धा तास सावलीत बसा. ज्येष्ठांपैकी कुणी थकलं असेल तर त्यांना आत्ताच हॉटेलवर सोडता येतं. समहून मधेच कुणाला परत आणणं अवघड. सव्वादोनला गाडी हलवा.

कुलधरा

शहराच्या नैर्ऋत्येला अठरा किलोमीटर. रस्त्यावर ‘भुताचं गाव’ म्हणून पाट्या आणि गोष्टी खूप ऐकू येतील. दिवाण सालिम सिंहच्या जाचाला कंटाळून पालीवाल ब्राह्मणांनी ८४ गावं एका रात्रीत सोडली आणि शाप देऊन गेले, अशी ती कथा. गाव १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उठलं हे खरं. कारणं म्हणून आटत गेलेलं पाणी आणि करांचा बोजा सांगतात. काही अभ्यासक भूकंपाकडेही बोट दाखवतात.

मला वाटतं, भुतांच्या गोष्टींनी पालीवालांवर अन्याय केलाय. या माणसांनी वाळवंटात गहू पिकवला! त्याची पद्धत म्हणजे खडीन. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी वाहत येतं. खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून ते अडवायचं, जिरू द्यायचं, आणि थंडीच्या तोंडावर त्या ओलीत गहू-हरभरा पेरायचा. विहिरीचं पाणी न घेता पीक. जैसलमेर जिल्ह्यात खडीन आजही पिकतात. सम रस्त्याने जाताना रखरखीत मुलखात मध्येच हिरवा पट्टा दिसला की ड्रायव्हरला विचारा, खडीन आहे का म्हणून.

गावात शिरल्यावर गल्ल्यांची आखणी, घरांची अंगणं, देऊळ, बारव पाहा. एक-दोन घरं दुरुस्त करून ठेवलीत, त्यांच्या गच्चीवरून सगळा पसारा दिसतो. पडक्या भिंतींवर चढू देऊ नका, मोकळे दगड आहेत. सावली नाही, टोपी लागते. पाऊण तासात निघा. इथून पुढे खाबा किल्ला आणि त्याच्या खालचं दुसरं ओसाड गाव आहे. गट तरुण असेल आणि तिकडून समला वेळेत पोहोचता येत असेल तरच तिकडे वळा.

सम

शहरापासून ४०-४२ किलोमीटर. थर म्हणजे नुसती वाळू अशी समजूत घेऊन आलेल्यांना एव्हाना कळलेलं असतं की जैसलमेरचा बराचसा मुलूख दगडी माळ, खडे आणि झुडपांचा आहे. वाऱ्याने हलणारे मोठे धोरे काही पट्ट्यांतच, त्यातला हा एक. याच बाजूला मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, माळढोकाच्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जो पक्षी दिसेनासा होत गेला, तो राजस्थानचा राज्यपक्षी, तिकडचा गोडावण. गाडीतून गवताळ भागावर नजर ठेवा. दिसला तर भाग्य, पण गाडी रस्ता सोडून आत घालायची नाही.

सूर्यास्ताच्या सव्वा तास आधी पोहोचा. मुख्य ठिकाणी उंट, जीप आणि स्पीकर यांची गर्दी असते. गाडीतून उतरायच्या आधी ठरवा: उंट हवा की शांतता. उंट हवा असेल तर भाव माणशी की उंटामागे, किती वेळ, कुठपर्यंत, हे बसण्यापूर्वी बोलून घ्या. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, बसलेला माणूस पुढे झुकतो. म्हणून मागे रेलायचं आणि खोगीर घट्ट धरायचं. बसताना तो आधी पुढचे पाय मोडतो, तेव्हाही मागेच रेलायचं. पाठीचं दुखणं असलेल्यांनी उंटगाडीत बसावं. शांतता हवी असेल तर ड्रायव्हरला एक-दोन किलोमीटर पुढे न्यायला सांगा, तिथेही धोरे आहेत.

धोऱ्याला दोन बाजू असतात. वारा ज्या बाजूने येतो ती घट्ट आणि मंद चढाची, पलीकडची उभी आणि भुसभुशीत. चढायचं घट्ट बाजूने. मुलांना घसरायचं असेल तर भुसभुशीत बाजूने, तळाला झुडूप नाही हे बघून. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलूच नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी सकाळीच चष्मा लावलेला बरा. प्लास्टिकचा एकही कागद मागे राहता कामा नये, उंट तो खातो.

सूर्य गेला की वाळू बघता बघता गार होते. सगळ्यांना शाल-स्वेटर गाडीतच न ठेवता वर घेऊन यायला सांगा. अंधार पडायच्या आत उतरून माणसं मोजा. बूट झटकूनच पायात घाला. परतीच्या रस्त्यावर उंट आणि गायी आडव्या येतात. ड्रायव्हरला घाई करायला लावू नका, तासभर लागू दे.

एक दिवस आणखी असेल तर

तनोट मातेचं मंदिर या दिवसात कोंबू नका. ते शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर, सीमेजवळ आहे. १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले पाकिस्तानी तोफगोळे फुटले नाहीत अशी जवानांची श्रद्धा आहे, आणि देखभाल सीमा सुरक्षा दल करतं. परतताना १९७१ च्या लढाईचं लोंगेवाला होतं. त्याला पूर्ण वेगळा दिवस द्या.

रामदेवरा पोकरणजवळ आहे, म्हणून ते जोधपूरहून येताना किंवा जाताना रस्त्यातच करा. बाबा रामदेवांना हिंदू लोकदेवता मानतात आणि मुसलमान रामसा पीर म्हणून मानतात. भाद्रपदातल्या मेळ्याला पायी येणाऱ्यांनी रस्ते भरून जातात, त्या दिवसांत गाडीने वेळ गाठण्याची आशा धरू नका.

तनोटला निघणार असाल तर टाकी आदल्या रात्रीच भरून घ्या. रामगड ओलांडल्यावर पेट्रोल पंपाचा भरवसा धरता येत नाही.